व्हिक्टरी रोल्स: केस घेतले, पाळणाघर सोडलं



आजचा विषय मी संयोजकांना फोनवर कळवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "केस म्हणजे कोर्टातली केस का, मॅडम?" म्हटलं, नाही हो, डोक्यावरचे केस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका ज्या तऱ्हेने केस बांधत होत्या ते, आणि आज ऐंशी वर्षांनी तशीच रचना हौसेने करणाऱ्या बायकांना त्यात काय वाटतं ते. आयुष्यभर कांट शिकवलेल्या बाईने सत्तरी उलटल्यावर हे काय काढलंय, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथून दिसतोय.

तर कांटपासूनच सुरुवात करू. 1790 सालच्या त्याच्या सौंदर्यविचाराच्या ग्रंथात अलंकरणाबद्दल थोडं लिहिलेलं आहे. चित्राची चौकट, पुतळ्याच्या अंगावरचं वस्त्र, इमारतीभोवतीचे खांब, या गोष्टी मूळ वस्तूच्या घडणीचा भाग नाहीत, बाहेरून जोडलेल्या आहेत, असं तो म्हणतो. आता यात केस कुठे बसवायचे, सांगा. ते देहाचेच आहेत, पण कापले तर दुखत नाहीत. रोज बदलता येतात, पण काढून खुंटीला टांगता येत नाहीत. देह आणि वस्त्र यांच्या सीमेवरची ही जागा आहे, आणि सीमेवरच्या जमिनीवर जसे सगळेच हक्क सांगतात तसे केसांवरही सांगतात. आई सांगते, सासू सांगते, धर्म सांगतो, शाळेतल्या बाई सांगतात. युद्ध आलं की सरकारही सांगायला लागतं. तिथून पुढची गोष्ट मला आज सांगायची आहे.

ज्यांनी व्हिक्टरी रोल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करते. कपाळावरचे केस दोन बाजूंना वाटून घ्यायचे, मुळाकडे उलटे विंचरून फुगवायचे, मग टोकाकडून आत गुंडाळत आणून डोक्यावर आकड्यांनी पक्के करायचे. दोन पोकळ नळकांडी उभी राहतात. मागचे केस मोकळे, खाली वळवलेले. त्याच्यासोबत लाल लिपस्टिक आणि ठिपक्यांचा रुमाल आलाच. रोलला मराठीत चपखल शब्द नाही. 'वळकटी' म्हणावं तर अंथरूण आठवतं. आपल्याकडे पुरुषांच्या कपाळावर असं काही असलं की त्याला कोंबडा म्हणायचे आणि बायकांच्या बाबतीत फुगा. शत्रूचं विमान पाडून परतणारा वैमानिक आपलं विमान हवेतच गर्रकन फिरवून आनंद साजरा करी, त्या फिरकीचं नाव या केसांना मिळालं, असं सांगतात.

पण युद्धकाळात बायका खरोखर काय करत होत्या? ब्रिटनमध्ये डिसेंबर 1941 मध्ये कायदा होऊन वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना आणि मूल नसलेल्या विधवांना सक्तीने युद्धसेवेत बोलावता येऊ लागलं. लष्कराच्या स्त्री-दलात नियम होता की केस कॉलरला टेकता कामा नयेत. आता लांब केस कापायचे नसतील तर उपाय काय? डोक्याभोवती एक फीत किंवा जुना स्टॉकिंग बांधायचा आणि मानेवरचे केस खालून वर घेऊन त्यात खोचत जायचं. मानेवर एक गोल वळी तयार होते. वरून टोपी बसते, कॉलर मोकळी राहते, आणि संध्याकाळी फीत सोडली की केस आपसूक वळलेले मिळतात. रोजच्या वापरातला रोल हा असा होता, मानेवरचा. कपाळावरची ती उंच जोडी सिनेनट्यांच्या छायाचित्रांत आणि नाचाच्या रात्री दिसे. कारखान्यातल्या पाळीला नव्हे. आज आपण 'चाळिसच्या दशकातली बाई' म्हणून जिचं चित्र डोळ्यांपुढे आणतो, ती त्या काळातली सणासुदीची बाई आहे. आपल्या नातवंडांनी उद्या आपल्याला फक्त लग्नाच्या अल्बमवरून ओळखावं, तसं काहीसं.

रुमालाचंही तसंच. यंत्रात केस अडकू नयेत म्हणून डोक्याला फडकं बांधणं आवश्यकच होतं. पण त्या फडक्याखाली पुष्कळदा केस आकड्यांवर गुंडाळून ठेवलेले असत, संध्याकाळच्या नाचासाठी. म्हणजे एकच फडकं दोन कामं करतंय. दिवसभर ते कारखान्याच्या सुरक्षिततेच्या नियमाचं, आणि त्याच्या आतमध्ये त्या मुलीची स्वतःची संध्याकाळ तयार होतेय. मला त्या कोंबड्यापेक्षा हे फडकं जास्त विचार करण्याजोगं वाटतं.

आणि ही तयारी करायची कशाने? पोलाद युद्धसामग्रीकडे वळलेलं, म्हणून आकडे मिळेनात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 1942 पासून साबणावर रेशन. केस बसवायला साखरेचं पाणी वापरायचं, तर साखरही रेशनवर. पॅरिसमध्ये वीज नव्हती, तेव्हा एका केशकर्तनालयाच्या तळघरात माणसं सायकली मारून केस वाळवण्याचे पंखे चालवत होती. ली मिलर या छायाचित्रकार बाईने 1944 मध्ये त्याचे फोटो काढले आहेत. जपानमध्ये पर्म करणं हे चैनीचं आणि पाश्चात्त्य म्हणून सरकारने 1939 पासून त्याविरुद्ध मोहीम चालवली. तरी पर्म थांबले नाहीत. विजेची मारामार झाली तेव्हा कोळशावर तापवून पर्म होऊ लागले आणि बायका आपापला कोळसा घरून घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंच्या देशांत हे चाललं होतं, हे लक्षात घ्या. याला थिल्लरपणा म्हणणारे तेव्हाही होते. मी म्हणणार नाही. ज्या काळात आपल्या देहाचं काय होईल हे दुसरं कुणीतरी ठरवतंय, त्या काळात निदान डोकं आपल्या मनासारखं ठेवण्याचा हा हट्ट आहे.

सरकारांनाही हे कळत होतं, म्हणून ती केसांशी फार जपून वागत होती. अमेरिकेत व्हेरोनिका लेक नावाची नटी होती. 1941 नंतर ती एकदम प्रसिद्ध झाली ती एका डोळ्यावर ओघळणाऱ्या सोनेरी केसांमुळे. हजारो मुलींनी तसे केस ठेवले आणि त्याच मुली कारखान्यात लेथपुढे, ड्रिलपुढे उभ्या राहू लागल्या. 1943 मध्ये सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधले. यंत्रात केस अडकले तर काय होईल हे दाखवणारे तिचे फोटो काढले गेले. म्हणजे बघा, सरकारने हुकूम काढला नाही. आधी जिने मोह घातला तिच्याकडूनच मोह मागे घेतला. पुढे तिचं करिअर उताराला लागलं. केस बांधले म्हणून ते बुडालं, अशी चटकदार गोष्ट लोक सांगतात. माणसाचं आयुष्य इतक्या एका कारणाने बुडत नसतं.

आता ज्या चित्राशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, त्याच्याकडे येऊ. निळा शर्ट, वर केलेली बाही, वळवलेला दंड, डोक्याला लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल आणि रुमालातून कपाळावर मुद्दाम बाहेर ठेवलेली केसांची एक गोल बट. तुमच्यापैकी अनेकांच्या मुलींच्या कपाटावर, कपावर, पिशवीवर ती असेल. 'रोझी द रिव्हेटर' म्हणून आपण तिला ओळखतो आणि स्त्रीमुक्तीची खूण मानतो. जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने ते पोस्टर वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केलं होतं. फेब्रुवारी 1943 मध्ये ते कंपनीच्याच कारखान्यांच्या भिंतींवर दोनेक आठवडे लागलं आणि उतरलं. बाहेरच्या जगाने ते पाहिलंच नाही. त्या काळात त्या बाईला कुणी रोझी म्हणत नव्हतं. आणि पोस्टरमधल्या 'आपण करू शकतो' यातले 'आपण' म्हणजे स्त्रिया, असं आज वाचलं जातं. व्यवस्थापनाच्या त्या पोस्टर-मालिकेत 'आपण' म्हणजे कामगार आणि मालक दोघं मिळून. दांड्या मारू नका, संप करू नका, उत्पादन वाढवा, असा तिचा एकूण सूर. 1980 च्या दशकात ते पोस्टर पुन्हा वर आलं आणि जगभर गेलं.

युद्धकाळात लोकांनी जी रोझी खरोखर पाहिली ती नॉर्मन रॉकवेलची, 29 मे 1943 च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावरची. धिप्पाड बाई, तांबडे केस, कपाळावर चष्मा सरकवलेला, हातात सँडविच, मांडीवर रिव्हेट मारण्याचं जडशीळ यंत्र आणि पायाखाली हिटलरचं पुस्तक. ती कुणाकडे बघतही नाही, खात बसली आहे. तिच्यासारखे केस करून कुणी पार्टीला जात नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. एक बाई स्वतःच्या भुकेत मग्न आहे. दुसरीच्या पापण्यांना मस्कारा आहे, नखं रंगवलेली आहेत आणि ती आपल्याकडे बघते आहे. आपण पुढच्या पिढ्यांनी दुसरी निवडली.

इंग्लंडच्या त्या 'कीप काम अँड कॅरी ऑन' पोस्टरचीही हीच कथा. 1939 मध्ये जवळजवळ पंचवीस लाख प्रती छापल्या, लावल्या जवळपास नाहीतच, बहुतेक रद्दीत गेल्या. आणि 2000 साली अ‍ॅनिक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक घडी घातलेली प्रत निघाली. युद्धकाळाच्या आपल्या मनातल्या दोन सगळ्यात ठळक प्रतिमा, आणि युद्धात जगलेल्या माणसांनी दोन्ही जवळपास पाहिलेल्या नाहीत. वॉल्टर बेंजामिनने 1940 मध्ये, मरण्यापूर्वी काही महिने, फॅशनची तुलना भूतकाळात झेप घेणाऱ्या वाघाशी केली होती. वाघाला आजच्या भुकेचा वास बरोबर लागतो. पण ती झेप कुणाच्या आखाड्यात घेतली जाते हेही बघा, असं त्याचं पुढचं म्हणणं होतं. ते लोक सहसा गाळतात.

मग आजची भूक कसली आहे?

उत्तर देण्याआधी एक सांगते. हे केस करणाऱ्या बायकांची टिंगल मला मान्य नाही. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांचा स्त्रियांना कपड्यांत मिळणाऱ्या आनंदावर एक सुंदर निबंध आहे. पुरुषाच्या नजरेसाठी नटणं हा एवढाच अर्थ त्यात नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या तीन आनंद सांगतात: स्पर्शाचा, बायकाबायकांमधल्या जवळिकीचा आणि कल्पनेचा. व्हिक्टरी रोलला हे तंतोतंत लागू पडतं. मागचा भाग स्वतःला दिसत नाही, हात भरून येतात, कुणीतरी मागे उभं राहून आकडे लावावे लागतात. आपल्या आईने आपली वेणी घातली असेल तर हा स्पर्श तुम्हाला समजावून सांगायला नको. शिवाय ज्या बायकांना आजच्या फॅशनच्या दुकानात आपल्या मापाचं, आपल्या वयाचं काही सापडत नाही, त्यांना या जुन्या रचनेत घडवलेपणाचा मान मिळतो. पन्नाशीची बाईही त्यात रुबाबदार दिसते, आणि तसं दिसण्यासाठी तिला तरुण असल्याचा आव आणावा लागत नाही.

दुसरी बाजूही आहे. असे केस बघून अस्वस्थ होणाऱ्या बायकाही मला भेटल्या आहेत. त्यांना त्यात साखरेच्या पाण्याने कडक केलेली शिस्त दिसते. सिमोन द बोव्हारचं उदाहरण गमतीदार आहे. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना वीज जायची, केस करून घेणं जिकिरीचं झालं, म्हणून तिने डोक्याला टर्बन गुंडाळायला सुरुवात केली, आणि युद्ध संपल्यावरही ते ठेवलं. 1949 च्या 'सेकंड सेक्स'मध्ये स्त्रीच्या सजण्याला तिने ज्या परखडपणे सोलून काढलं आहे, ती परखडता आरशापुढे कमी वेळ घालवणाऱ्या बाईची आहे. मी स्वतः तिच्या बाजूने झुकते. पण यंग वाचल्यावर मला बोव्हार थोडी कोरडी वाटते, हेही खरं.

तर भूक कसली. माझं मत असं: या केसांत आज बायका सौंदर्य शोधतात त्याहून जास्त गरजेचं असणं शोधतात. समाजाने 'तू हवी आहेस, तुझ्यावाचून चालणार नाही' असं स्त्रीला जाहीरपणे, पोस्टर लावून, पगार देऊन सांगितलं असा तो काळ. पगार पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास, तो भाग वेगळा. ती हाक आज ऐकू येत नाही, म्हणून तिची खूण डोक्यावर घ्यायची. यात हसण्यासारखं काही नाही.

माझं भांडण आहे ते या मंडळींमध्ये फिरणाऱ्या एका घोषवाक्याशी. जुन्या शैलीचा पोशाख करणाऱ्या पुरोगामी बायका म्हणतात: 'विंटेज शैली हवी, विंटेज मूल्यं नकोत.' हेतू उत्तम आहे. आम्ही चाळिसच्या दशकातले केस करतो याचा अर्थ आम्हाला तेव्हाचा वंशवाद, तेव्हाची पुरुषसत्ता परत हवी असा काढू नका. बरोबर. केसांच्या वळीतून कुठलंही विधान निघत नाही; स्वस्तिकाचं हिटलरने जे केलं ते व्हिक्टरी रोलचं कुणी केलेलं नाही. पण या वाक्याचं गृहीतक तपासा. शैली निष्पाप आहे आणि मूल्यं सगळी टाकाऊ, असं ते धरून चालतं. मला दोन्ही भाग चुकीचे वाटतात.

मूल्यांचं आधी. अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला कैसर कंपनीच्या जहाजबांधणीच्या गोद्या होत्या. 1943 मध्ये तिथे कारखान्याच्या दाराशीच दोन पाळणाघरं उघडली. कारखाना तिन्ही पाळ्या चाले, म्हणून पाळणाघरही रात्रंदिवस. आणि आई पाळी संपवून मूल घ्यायला आली की घरी न्यायला शिजवलेलं जेवण तिथेच विकत मिळायचं. हे पुन्हा एकदा ऐका: मूल एका हातात, तयार जेवण दुसऱ्या हातात. याशिवाय केंद्र सरकारच्या पैशाने देशभर पाळणाघरं चालली. ब्रिटनमध्येही युद्धकाळात हजाराहून जास्त सरकारी पाळणाघरं होती आणि स्वस्तात गरम जेवण देणारी दोन हजारांवर सार्वजनिक उपाहारगृहं. युद्ध संपलं. कैसरची केंद्रं 1945 मध्ये बंद झाली, अमेरिकी सरकारचा निधी 1946 मध्ये आटला. सैनिक परतले, बायकांना घरी पाठवलं. फेब्रुवारी 1947 मध्ये डिओरने बारीक कंबर आणि घेरदार स्कर्ट आणला, त्याची वर्णनं सगळीकडे आहेत. पाळणाघरं कधी बंद झाली हे कुणाला पाठ नाही.

आता त्या घोषवाक्याकडे पुन्हा बघा. पुनरुज्जीवन कशाचं झालं? केसांचं, लिपस्टिकचं, ठिपक्यांच्या रुमालाचं. त्यांचा बाजार आहे. पाळणाघर आणि तयार जेवण मात्र 'विंटेज मूल्यं' या गठ्ठ्यात बांधून बाहेर ठेवलं. रोझीचा कप घेऊन ऑफिसला जाणारी बाई दुपारी तीनला घड्याळ बघत असते, मुलाला आणायला कोण जाणार म्हणून. त्या कपावरच्या बाईला निदान युद्ध चालू असेपर्यंत ही चिंता थोडी कमी असावी, अशी सोय सरकारने मुद्दाम केली होती. माल हवा होता म्हणून केली, कबूल. पण करता येते हे तर सिद्ध झालं.

आता शैलीच्या निष्पापपणाचं बघू. त्याच 1943 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी आणि सैनिकांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यात गाठून मारलं, त्यांचे ढगळ झूट सूट अंगावरून फाडले. त्या तरुणांच्या मैत्रिणी होत्या, त्यांना 'पाचुका' म्हणत. गडद लिपस्टिक, आखूड स्कर्ट, आणि कपाळावर आतून भराव घालून उंच फुगवलेले केस. आपल्याकडे गंगावन घालतात तसा आधार आतून. आता हा फुगा आणि सिनेनटीचा फुगा यांत रचनेचा फरक असा किती? पण या मुलींच्या केसांत चाकू लपवलेले असतात अशी आवई उठली. एकीच्या डोक्यावर जी उंची देशभक्ती, तीच दुसरीच्या डोक्यावर गुन्हेगारी. कॅथरीन रामिरेझ यांनी 2009 मध्ये या मुलींवर पुस्तक लिहिलं तोवर त्या बहुतेक इतिहासात नव्हत्याच. आज व्हिक्टरी रोल करणाऱ्या कित्येक मुली लॅटिन वंशाच्या आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या दृष्टीने तो केसांचा फुगा त्यांच्या आज्यांचा आहे. रोझीशी त्याचा संबंध नाही.

1945 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अमेरिकी लष्कराची एक तुकडी उतरली, 6888 क्रमांकाची टपाल बटालियन. 855 स्त्रिया, जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय, मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली. सैनिकांच्या न पोचलेल्या पत्रांचे डोंगर त्यांनी उपसले. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत केलं. वर्णभेदामुळे त्यांचं सगळं वेगळं होतं, आणि त्यांनी स्वतःचं केशकर्तनालयही स्वतःच चालवलं. त्यांचे केस गोऱ्या बाईच्या केसांसारखे सरळ करून मगच वळवायचे, तापलेल्या कंगव्याने. 'त्या काळातली रचना' असं आपण म्हणतो ती एका जातीच्या केसांवर मापून बेतलेली होती, हे इथे उघड होतं.

आणि मग फ्रान्स. 1944 च्या उन्हाळ्यात देश मुक्त होत गेला तसं गावोगावच्या चौकांत बायकांना ओढून आणून त्यांची डोकी भादरली. जर्मनांशी संबंध ठेवल्याचा आरोप. फाब्रिस व्हिर्जिली या इतिहासकाराने असा छळ झालेल्या स्त्रियांचा आकडा सुमारे वीस हजार दिला आहे. रॉबर्ट कापाचं शार्त्रमधलं त्या ऑगस्टचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: भादरलेली तरुणी, कडेला तान्हं मूल, भोवती गर्दी, आणि गर्दीतल्या बायकाही हसताहेत. त्या हसणाऱ्या बायकांचे केस बघा. व्यवस्थित विंचरलेले आहेत. जर्मनांना माल विकून पैसे केलेल्या कुठल्या व्यापाऱ्याच्या मिशा कुणी चौकात उतरवल्या नाहीत.

मराठी माणसाला हे समजायला पुस्तक लागू नये. विधवेचं केशवपन आपल्या पणज्यांच्या पिढीपर्यंत चालू होतं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र आणलं आणि हे काम आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. शार्त्रच्या चौकात वस्तरा धरणारा असा एकही नकार त्या छायाचित्रात दिसत नाही. फरकही आहे. तिकडे एकदा भादरलं, पुढे केस वाढले. आपल्याकडे ते महिन्यामहिन्याने, मरेपर्यंत.

इंग्लंडात चाळिसच्या दशकाचे मेळावे भरतात, हॉवर्थला, पिकरिंगला आणि आणखी किती ठिकाणी. रोल्स आणि गणवेश करून लोक जातात, जुनी गाणी असतात, रेशनच्या पाककृती असतात. भादरलेलं डोकं घेऊन तिथे जायचं कुणाच्या मनात येणार नाही, आणि यावं असंही मी म्हणत नाही. उत्सवाला उत्सवाची मर्यादा असतेच. फक्त ते केस त्याच युद्धाचे होते, एवढं ठाऊक असू द्या.

माझी एक भाची बर्मिंगहॅमला असते. चाळिशीची आहे, स्विंग नाच शिकते. तिची पहिली तक्रार तांत्रिक होती: "मावशी, आपले केस इतके सरळ आणि जड, तासाभरात वळी खाली घसरते." दुसरी तक्रार वेगळी होती. अशा मेळाव्यात तिला लोक प्रेमाने विचारतात, "तू कोण झाली आहेस?" तिच्या गोऱ्या मैत्रिणींना विचारत नाहीत. त्या 'चाळिसच्या दशकातल्या बाई' असतात आणि हिला कुणीतरी असावं लागतं. तर पुढच्या वेळी रोल्स करून जाऊ की साडी नेसून, असा तिचा प्रश्न.

मी तिला एक छायाचित्र पाठवलं. जून 1945, स्कॉटलंडमधलं रोसाइथ. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन, रॉयल इंडियन नेव्हीच्या महिला दलाच्या अधिकारी, ब्रिटिश नौदलाची महिला सेवा पाहायला आलेल्या. अंगावर साडी, आणि ती साडी हाच त्यांचा गणवेश. म्हणजे चाळिसच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये युद्धसेवेतली साडीतली बाई होती, कुणी तिला 'झालेली' नव्हती. तिकडे सिंगापूरला 1943 मध्ये झाशीची राणी पलटण उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी गणवेशात, आखूड केसांवर टोपी. ब्रिटिशांच्या विरुद्ध बाजूला. आणि त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये तीसेक लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली. पंचवीस लाख भारतीय सैनिक ज्या साम्राज्यासाठी लढत होते त्याच्याच राज्यात. इंग्लंडच्या रेशनच्या काटकसरीच्या गोड गोष्टी ऐकताना हे माझ्या मनातून जात नाही, आणि भाचीच्याही जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून तिने नाचायचं सोडावं का? मुळीच नाही.

मी तिला एवढंच सांगितलं की साडी नेस आणि मानेवर घट्ट अंबाडा घाल. कॉलरला केस टेकणार नाहीत, 1941 च्या लष्करी नियमात तो चोख बसतो, कपाळावरच्या त्या दोन नळकांड्यांपेक्षा खराच. ती हसली. म्हणाली, "पण मावशी, मग मी चाळिसच्या दशकातली आहे हे कुणाला कळणार?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. वेळ झाली आहे, तुमचे प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत, माइक आधी त्यांच्याकडे द्या.